वहिनीची गर्भपिशवी रोबोटनं काढायची का? एस्टिमेट बघून डोकं फिरलंय

तिलकनगर_मेघना
वहिनी ४४ ची. वर्षभर अंगावरून खूप जातंय, हिमोग्लोबिन ८ वर आलंय, सोनोग्राफीत पिशवीत तीन गाठी निघाल्या, मोठी ५ सेंमी. इंदूरमधेच एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तर पाच मिनिटांत निकाल, पिशवी काढा आणि रोबोटिकच करा. बाहेर काउंटरवर कागद दिला त्यावर दोन रकाने, दुर्बिणीतून १ लाख २० हजार आणि रोबोटिक २ लाख ७५ हजार, फरक कशाचा विचारलं तर तिथली मुलगी म्हणे मॅम टेक्नॉलॉजी है. वहिनी कागदाची घडी करत गप्प बसून राहिली.
माझं स्पष्ट मत आहे, साध्या केसमधे रोबोटचे जास्तीचे पैसे लावणं चूक आहे. २०१३ मधे अमेरिकेत २,६४,७५८ बायकांच्या ऑपरेशनांचा अभ्यास छापून आला, सगळ्या कॅन्सर नसलेल्या. दुर्बीण आणि रोबोट, गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखीच, खर्च मात्र रोबोटचा दर ऑपरेशनमागे २,१८९ डॉलर जास्त. त्याच वर्षी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष ब्रीडन यांनीच सांगितलं होतं की पिशवी काढायला रोबोट हा ना सर्वात चांगला मार्ग ना सर्वात परवडणारा. मग आमच्यासमोर तो एकमेव असल्यासारखा का ठेवला?

विजयनगर_समीर
मेघनाताई, तुमचा राग कळतो पण पूर्ण पटत नाही. तो अभ्यास २००७ ते २०१० च्या ऑपरेशनांचा आहे, या मशीनला स्त्रीरोगासाठी परवानगीच २००५ मधे मिळाली होती, म्हणजे डॉक्टर तेव्हा हात बसवत होते. माझ्या बायकोला ३३ व्या वर्षी नऊ गाठी होत्या आणि आम्हाला मूल हवं होतं. दोन ठिकाणी सांगितलं पोट उघडावं लागेल, कदाचित पिशवीही जाईल. रोबोटिकवाल्या डॉक्टरांनी गाठी काढून पिशवी आतून थरावर थर शिवली, ते शिवणं दुर्बिणीच्या सरळ काठीनं फार अवघड असतं, रोबोटचं टोक मनगटासारखं वळतं. पोटावर नखाएवढ्या पाच खुणा, तिसऱ्या दिवशी ती घरी स्वतः जिना चढली. माझ्या आईचं ९४ साली पोट उघडून झालं होतं, दीड महिना पाण्याची बादली उचलली नव्हती तिनं.
आणि पैशाचं म्हणाल तर रोबोटिकला आता विमा कंपनी सरळ नाही म्हणू शकत नाही, मर्यादा घालू शकते, पॉलिसी नीट वाचा. आपला भारतीय मंत्रा रोबोटही आलाय, २०२५ च्या जुलैत फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधे बसून डॉक्टरांनी इथे इंदूरमधल्या पेशंटचं ऑपरेशन केलं. आपल्या गावात एवढं होतंय तर बायकांनी जुन्या पद्धतीतच का अडकायचं?

ओटीवाली_सिस्टर
२६ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, काढली म्हणून लिहिते. रोबोट स्वतः काही करत नाही, डॉक्टर थोड्या अंतरावर कन्सोलमधे डोकं घालून बसतात आणि हात त्यांचेच चालतात. जास्तीचा पैसा कुठे जातो तर मशीनची किंमत, दरवर्षीचा मेंटेनन्स, आणि हत्यारं ठराविक वेळाच वापरता येतात, मशीन स्वतः मोजतं आणि मग ते हत्यार बाद.
समीरजी, तुमच्या बायकोची केस रोबोटसाठी खरंच योग्य होती. खूप गाठी, आतडं चिकटलेलं एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), वजन खूप जास्त, इथे मी त्याचा फायदा डोळ्यांनी पाहिलाय. पण पाच सेंमीच्या गाठीला? बहुतेक मशीनमधे डॉक्टरांना हाताला ताण जाणवत नाही, नजरेनंच अंदाज घ्यावा लागतो, नवा हात असताना टाका ओढताना धागा तटकन तुटलेला मी बघितलाय. शिवाय टेबल डोकं खाली करून बरंच तिरपं ठेवतात, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.
मला सर्वात वाईट वाटतं ते बिनटाक्याच्या, म्हणजे खालून पिशवी काढण्याचं. पोटावर एकही छिद्र नाही आणि खर्च सर्वात कमी. आमच्या जुन्या मॅडम तासाभरात मोकळ्या करायच्या, आता नवे डॉक्टर ते शिकतच नाहीत.

ग्वाल्हेरची_अनघा
कॅन्सरचं कोणी बोललं नाही म्हणून. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमधे २०१८ चा अभ्यास आहे, ६३१ बायका, साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के रोगमुक्त, दुर्बीण किंवा रोबोटवाल्यांत ८६. माझ्या मावशीचे डॉक्टर हे दाखवूनच म्हणाले की उघडूनच करू, आम्हीही ऐकलं.

विजयनगर_समीर
अनघाजी, ते फक्त त्या एका कॅन्सरचं आहे, पिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरला दुर्बीण चालते. गाठीवाल्या बाईला हे वाचून धडकी भरेल. सिस्टरांचं खालून काढण्याचं मात्र मला माहीतच नव्हतं, आम्हाला कोणी सांगितलं नाही. तरी मी म्हणेन डॉक्टरचा हात ज्यात बसलाय तेच करू द्या, रोबोटमधे बसला असेल तर रोबोट.

तिलकनगर_मेघना
समीरजी, हात बसलाय की मशीनचे हप्ते फेडायचेत हे पेशंटनं ओळखायचं कसं? मी थेट विचारलं होतं की या वर्षी रोबोटवर किती केलीत, उत्तर मिळालं नाही.
काल सिस्टरांचं वाचून वहिनीला दुसरीकडे नेलं. या डॉक्टरबाईंनी आधी तपासलं, बाळंतपणं विचारली (दोन्ही नॉर्मल), म्हणाल्या काढायची वेळ आली तर खालून निघेल, पण गाठी आतल्या पोकळीत घुसलेल्या नाहीत तर आधी हार्मोनवाली कॉपर-टीसारखी बसवून सहा महिने बघू. लोहाचं सलाईन सोमवारपासून. वहिनी येताना रिक्षात पहिल्यांदा बोलली, म्हणाली पिशवी ठेवायची का हे मला आजच कोणी विचारलं.