कौन्सिल टॅक्सचा बँड : चॅलेंज फेटाळलं, आता ट्रायब्युनलला जायचं की गप्प भरायचं?

उंबरठा:
मंडळी, जरा डोकं लावा. आम्ही इंग्लंडमध्ये बर्कशायरला आहोत, मागच्या वर्षी थ्री बेड सेमी (एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं घर) घेतलं, रिसेल. जाहिरातीत कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) बँड डी लिहिलेला, बँड म्हणजे घराच्या १९९१ च्या किमतीवरून ठरणारा टप्पा, सॉलिसिटरच्या कागदांतही डी. राहायला आल्यावर काही महिन्यांनी पत्र आलं की तुमचा बँड आता ई, कारण आधीच्या मालकाने २००४ साली मागे किचन वाढवलंय. आमची अख्खी रांग एकाच बिल्डरने एकाच वेळी बांधलेली आणि बाकी सगळे डी मध्ये बसलेत. मी बँड ठरवणाऱ्या सरकारी व्हॅल्युएशन ऑफिसकडे रीतसर चॅलेंज केलं, शेजारच्या पाच घरांचे पत्ते दिले, झूपला या प्रॉपर्टी साइटवरच्या किमतींना इंडेक्स लावून १९९१ ची किंमत काढून दाखवली, तीन पानी पत्र. उत्तर आलं, ई बरोबर आहे. आमच्याकडे डी आणि ई मध्ये वर्षाला पाचशे पौंडांच्या आसपास फरक पडतो. नवरा म्हणतो भर आणि मोकळी हो. मला ते पटत नाहीये. तुमचं काय मत?

खवट_खोबरं:
नवऱ्याचं ऐका. पाचशे म्हणजे महिन्याला चाळीस-बेचाळीस पौंड. त्यासाठी संध्याकाळ-संध्याकाळ कागद चिवडत बसणार, आणि वर हे लक्षात आहे ना की चॅलेंज केलं की बँड वरही जाऊ शकतो? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे उगाच नाही म्हणत.

पायरीवरचा:
खवट, ती म्हण वकील आणि तारखांवाल्या कोर्टासाठी आहे हो. व्हॅल्युएशन ट्रायब्युनल म्हणजे बँडच्या तक्रारी ऐकणारं स्वतंत्र पॅनेल, तिथे फी नाही, वकील लागत नाही, हरलात तर समोरच्याचा खर्च तुमच्या डोक्यावर बसत नाही, सुनावणीही बहुतेक ऑनलाइनच.

उंबरठाताई, आधी एक सांगा. तुम्हाला आलेलं पत्र नक्की कसलं आहे? कारण दोन प्रकार असतात आणि लोक दोन्हीला "अपील फेटाळलं" म्हणतात. घर घेतल्यापासून किंवा बँड बदलल्यापासून सहा महिन्यांच्या आत केलेलं ते फॉर्मल प्रपोजल, ते फेटाळलं की डिसिजन नोटीस येते आणि तिथून तीन महिन्यांत ट्रायब्युनलला जाता येतं. सहा महिने उलटून गेल्यावर करतो तो नुसता बँड रिव्ह्यू, त्यांनी नाही म्हटलं की बहुतेकदा गाडी तिथेच थांबते. तुमचं पहिलं असेल तर घड्याळ चालू आहे. दुसरं असेल तर हा धागाच फुकट.

उंबरठा:
डिसिजन नोटीसच आहे. बँड बदलल्याचं पत्र आल्यावर दोन महिन्यांत केलेलं चॅलेंज. नोटीस येऊन महिना होत आला.

मुकादम:
बांधकाम लाइनमध्ये आहे म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमचं तीन पानी पत्र मी त्यांच्या जागी असतो तरी फेटाळलं असतं. झूपला, राइटमूव्ह, सरासरी किमतींचे इंडेक्स, हे ते पुरावा म्हणून धरतच नाहीत, सरकारी साइटवर तसं लिहिलेलंय. कारण इंडेक्स अख्ख्या भागाची सरासरी सांगतो, तुमच्या गल्लीतल्या सेमीची किंमत नाही.

प्रश्न एकच असतो. हे घर, आज आहे तसं म्हणजे वाढवलेल्या किचनसकट, १ एप्रिल १९९१ ला बाजारात असतं तर किती आलं असतं? इंग्लंडमध्ये डी म्हणजे ६८ हजार एकपासून ८८ हजारांपर्यंत, ई तिथून पुढे १ लाख २० हजारांपर्यंत. म्हणजे तुमची सगळी लढाई ८८ हजारांच्या रेषेवर आहे. शेजारचे पाच जण डी आहेत यातून एवढंच कळतं की न वाढवलेलं घर ८८ च्या खाली होतं. ते तर त्यांनाही मान्य आहे!

सातारी_तडका:
३५ वर्षांपूर्वीच्या किमतीवर आज टॅक्स, काय देश आहे राव. आणि त्या किमती तरी कशा लावल्या, आधीच्या पोल टॅक्सवरून (माणशी सारखा कर) दंगे झाले, घाईघाईत १९९३ ला हा कौन्सिल टॅक्स आणला, एस्टेट एजंटांना रस्त्याने गाडीतून फिरवलं आणि गाडीतूनच बँड ठोकले, इथले लोक त्याला सेकंड गिअर व्हॅल्युएशन म्हणायचे. वेल्सने निदान २००३ च्या किमती घेऊन २००५ ला नवे बँड केले, इंग्लंडचं त्याच वर्षी पुढे ढकललं ते ढकललंच. लंडनच्या वाँड्सवर्थला डी चे वर्षाला हजार पौंडांच्या आसपास भरतात आणि नॉटिंगहॅमला अडीच हजारांच्या वर. मूळच वाकडं आहे तिथे डी का ई यावर कशाला रक्त आटवायचं.

पायरीवरचा:
मूळ सरळ होईपर्यंत ताईंनी दरवर्षी पाचशे भरायचे का?

सातारी_तडका:
नाही हो, भांडा की. मी फक्त चिडलोय. पुण्याच्या फ्लॅटचा पीटी-३ फॉर्म भरून घरपट्टीतली ४० टक्के सवलत परत मिळवली त्यातून अजून सावरलेलो नाही.

रेडिंगवाली:
मला वेगळंच खुपतंय. तुम्ही पाच शेजाऱ्यांचे पत्ते लिहून दिलेत. त्यांना विचारलं होतंत का? तुमच्या पत्रामुळे कोणी त्यांची घरं पाहायला बसलं आणि म्हणालं की अरे खरंच, हे डी चुकून आहेत, ई हवेत, तर? ते लिहिलेलंच असतं की तुमचा आणि शेजाऱ्यांचाही बँड वाढू शकतो. आमच्या क्लोजमध्ये (बंद गल्लीत) हे झालंय. एकाने स्वतःचा कमी करायला अर्ज केला, त्याचा तसाच राहिला आणि शेजारच्या दोन घरांचा वर गेला. त्यातलं एक कुटुंब आपल्याकडचंच. आजही गणपतीला एकमेकांकडे जात नाहीत.

मुकादम:
ताई, भीती खरी आहे पण अर्धी. मालकाने स्वतः घर वाढवलं म्हणून त्याचा बँड तो राहतोय तोपर्यंत वाढवता येत नाही, ते घर विकलं गेलं की मगच हिशेब होतो. उंबरठांचं झालं ते नेमकं हेच. पण मुळातला १९९३ चा बँडच चुकीचा निघाला तर मात्र दुरुस्ती होऊ शकते, तुमच्याकडे तसं झालं असेल.

उंबरठा:
यातच तर माझा संताप आहे! समोरच्या आजी ऐंशीच्या दशकापासून राहतात, त्यांनी मागे आमच्यापेक्षा मोठं वाढवलंय, वर माळ्यावर खोली (लॉफ्ट) काढलीये, आणि डी. का, तर त्यांनी विकलं नाही. म्हणजे वाढवलं एकाने, वीस वर्षं डी भरून तो निघून गेला, आणि ई भरायचा मी. यात कुठला न्याय?

खवट_खोबरं:
न्याय आहे ना. किचन बघूनच घर घेतलंत ना? वाढीव किचनचे पैसे मोजलेत, वाढीव किचनमध्ये स्वयंपाक करताय, मग वाढीव किचनचा टॅक्स कोणी भरायचा, ज्याने विकलं त्याने? आणि आजींचा बँड आज वाढवला तर पेन्शनीतल्या माणसाला स्वतःच्याच घरात खोली काढायची चोरी होईल. नियम मला तरी शहाणा वाटतो.

उंबरठा:
मग जाहिरातीत डी कशाला लिहायचं? मी डी चा हिशेब धरून महिन्याचं बजेट केलं होतं.

मुकादम:
एजंट आजचा बँड लिहितो, तो खोटं बोलत नसतो. पण सरकारी साइटवर पत्ता टाकून बँड बघाल तिथे खाली इम्प्रूव्हमेंट इंडिकेटर असा रकाना असतो. तिथे यस असेल तर समजायचं की या घरात वाढ झालीये आणि विक्रीनंतर बँड तपासला जाईल. घर शोधणाऱ्या मंडळींनी एवढं नक्की बघा, ऑफर टाकायच्या आधी. सॉलिसिटर आपणहून सांगेलच असं नाही.

पायरीवरचा:
भूतकाळ सोडा, पुढचं बोलू. मी ट्रायब्युनलला गेलेलो आहे आणि हरलेलो आहे, तरी सांगतो जा. समोरचे नक्की कुठली घरं तुलनेला धरतायत हे मला त्यांच्या पुराव्याच्या गठ्ठ्यातच पहिल्यांदा दिसलं. तोवर नुसतं "आम्ही तपासलं, बरोबर आहे". गठ्ठ्यात प्रत्येक घराचं माप होतं, आणि माझं घर त्यांच्या ई वाल्या घरांएवढंच भरत होतं. मान्य केलं आणि आलो. पॅनेलवर साधी माणसं होती, ऐकून घेतात, घाई करत नाहीत.

तुम्हाला दोन गोष्टी शोधाव्या लागतील. एक, तुमच्या भागातल्या तशाच घराची १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ मधली खरी विक्री. लँड रजिस्ट्रीच्या (घरांच्या मालकीची सरकारी नोंद) ऑनलाइन किमती १९९५ पासूनच्या, त्यामुळे तिथे मिळणार नाही. मी गावच्या लायब्ररीत जाऊन जुन्या लोकल पेपरच्या मायक्रोफिल्म काढल्या होत्या. गुरुवारच्या अंकात प्रॉपर्टीची पानंच्या पानं, काळी फिल्म, पांढरी अक्षरं, हँडल फिरवून मान आखडते. पण "थ्री बेड सेमी, एक्स्टेंडेड किचन" असं रस्त्याच्या नावासकट सापडतं. अर्थात ती मागितलेली किंमत, मिळालेली नाही, म्हणून वजन कमी. १९८९ ची जाहिरात वापरू नका, नंतर बाजार पडला होता, ती किंमत तुमच्याच अंगावर येईल. जुने शेजारी असतील तर त्यांच्या खरेदीचे कागद सोन्यासारखे.

दुसरं महत्त्वाचं. न वाढवलेली घरं विसरा. असं घर शोधा जे वाढवलेलं आहे, वाढवल्यानंतर विकलं गेलंय, आणि तरीही डी आहे. विक्रीची तारीख लँड रजिस्ट्रीवर, वाढ कधी झाली ते कौन्सिलच्या प्लॅनिंगच्या साइटवर.

मुकादम:
+१. आणि माप बाहेरून घ्या. घरांचं क्षेत्रफळ ते बाहेरच्या भिंतीवरून धरतात, एजंटच्या फ्लोअर प्लॅनवरचा आकडा आतला असतो, दोन्ही मिसळलेत तर पॅनेलसमोर हसं होईल. त्यांनी तुमच्या घराचं किती धरलंय तेही मागून घ्या. किचनऐवजी जुनं शेड मोजलेलं मी पाहिलंय.

उंबरठा:
बापरे, हे सोनं आहे. काल रात्री बसले. रांगेच्या टोकाचं एक घर आहे, २००८ ला मागे वाढवलं, प्लॅनिंगला ड्रॉइंग आहे, २०१६ ला विकलं गेलं, आज डी.

खवट_खोबरं:
कोण राहतं तिथे?

उंबरठा:
एक तरुण जोडपं, लहान बाळ आहे. बाळ झाल्यावर मी डब्यातून शिरा दिला होता.

रेडिंगवाली:
बघा. आता मुकादमसाहेबांचं "भीती अर्धी" कुठे गेलं? ते घर तर विकलं गेलंय. म्हणजे त्यांचा बँड वाढवायला आज कोणाला अडचण नाही, फक्त कोणीतरी बोट दाखवायचं बाकी आहे. ते बोट तुमचं असणार.

मुकादम:
हे मात्र खरं आहे. विक्रीनंतर तपासून डी ठेवला असेल तर तुमची केस मजबूत. तपासायचंच राहून गेलं असेल तर तुम्ही त्यांना आठवण करून देताय. बाहेरून कळायला मार्ग नाही.

पायरीवरचा:
मग काय, आपण गप्प बसून त्यांच्याही वाटचं सोसायचं? २०१६ पासून बँड तोच आहे, म्हणजे तपासूनच ठेवला असण्याची शक्यता जास्त. आणि टॅक्स बरोबर लागला म्हणून कोणी शाप देत नाही.

रेडिंगवाली:
देतात. आमच्या क्लोजमध्ये या, ऐकवते.

खवट_खोबरं:
एक राहिलंच. निकाल लागेपर्यंत ई चेच हप्ते भरत राहा. "माझी केस चालू आहे" म्हणून हप्ता चुकवाल तर आधी रिमाइंडर, मग समन्स. जिंकलात तर जास्तीचं परत मिळतं.

उंबरठा:
हप्ते डायरेक्ट डेबिटने जातायत, ती काळजी नाही.

ट्रायब्युनलचा अर्ज आज ऑनलाइन टाकला, मुदत घालवायची नाही म्हणून. पुरावे नंतर द्यायचेत. लायब्ररीत शनिवारी जाते. त्या घराचं ड्रॉइंगही डाउनलोड करून मोजलं, त्यांची वाढ ४ मीटर, आमची ३.६.

खवट_खोबरं:
म्हणजे पुरावा भक्कम आणि शेजारी गेला.

रेडिंगवाली:
निदान पुरावे द्यायच्या आधी त्यांच्या दारावर जाऊन सांगा हो. पत्रातून कळायला नको त्यांना.

उंबरठा:
आधी मायक्रोफिल्म बघते. १९९० चं एखादं एक्स्टेंडेड सेमी ८८ च्या खाली सापडलं तर त्यांचं नावच घ्यायला नको. नाही सापडलं तर जाते त्यांच्याकडे.