काचबिंदू: आधी लेझर की आधी थेंब?

गंगापूररोडकर: नाशकात काचबिंदू (डोळ्यातल्या प्रेशरने नजरेची नस खराब होते तो आजार) सापडला की पहिल्याच दिवशी थेंबांची बाटली हातात पडते, लेझरचं नाव थेंब चालेनासे झाल्यावर निघतं. हा क्रम उलटा हवा. ब्रिटनमधल्या ७१८ रुग्णांच्या चाचणीत (निकाल २०१९) आधी एसएलटी लेझर (डोळ्यातलं पाणी निघून जातं त्या जाळीवर मारतात ते) केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांच्या डोळ्यातलं प्रेशर तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय ताब्यात होतं. सुरगाणा-पेठकडच्या माणसाने रोज रात्री थेंब घालायचा, जन्मभर. लॅटॅनोप्रोस्ट या नेहमीच्या थेंबाची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत हवी, आणि वीज गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट!

पंचवटीकर: ते ७४ टक्के उघड्या कोनाचे. कोन म्हणजे बुबुळाच्या कडेचा कोपरा, जाळी तिथेच असते. आपल्याकडे बंद कोनाचे रुग्णही बरेच, आणि कोन बंद असेल तर किरण जाळीपर्यंत पोचतच नाही. आधी गोनिओस्कोपी, म्हणजे भिंगातून कोनाची तपासणी करा, तीही अंधाऱ्या खोलीत. झोत बाहुलीवर पडला की बाहुली आकसते, कोन उघडा भासतो आणि सगळं निदानच फसतं. बंद कोनाचं लेझर वेगळं, याग नावाच्या लेझरने बुबुळाला बारीक भोक पाडतात. फाइलवर नुसतं ‘लेझर झालं’ लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती: कुठलं ते लिहा. मोतीबिंदूनंतर पडदा साफ करतात तेही लेझरच.

लेझर-रूमवाला: कोन उघडा आहे असं धरून सांगतो. एसएलटीला हिरवा किरण, ५३२ नॅनोमीटर, ठिपका ४०० मायक्रॉनचा, पूर्ण ३६० अंशांत साधारण १०० ठिपके. सुरुवात ०.८ मिलिज्यूल ऊर्जेवर. बारीक बुडबुडे दिसू लागले की ०.१ ने खाली यायचं. जाळी गडद असेल तर ०.४ पासूनच, नाहीतर तासाभरात प्रेशर उसळतं. म्हणून आधी प्रेशर उतरवणारा ब्रिमोनिडिनचा थेंब आणि तासाने प्रेशरची पुन्हा मोजणी.

पंचवटीकर: तासभर थांबतंय कोण? निम्म्यांचा डोळा एसटीच्या वेळेवर.

गंगापूररोडकर: थांबवायचं. बस पुढची मिळते. आणि चालू थेंब स्वतःहून बंद करायचे नाहीत, लेझरचा निकाल ६ ते ८ आठवड्यांनी कळतो.

पंचवटीकर: मला तर पुढच्या वर्षांची धास्ती. लोक मोतीबिंदूसारखं ‘एकदा केलं, सुटलो’ धरतात. लेझरने नजर सुधारत नाही, गेलेली नस परत येत नाही, आणि असर काही वर्षांत ओसरतो. थेंबवाला निदान बाटली संपली की मेडिकलात येतो. लेझरवाला उगवतो तो बाजूचं दिसेनासं झाल्यावर.

सिन्नर मेडिकल: येतो म्हणता? लॅटॅनोप्रोस्टची अडीच मिलीची बाटली दोन्ही डोळ्यांना रोज एकेक थेंब घातला तर सव्वा-दीड महिन्यात संपते. उघडल्यावर तिची मुदतही सहाच आठवडे. तीच बाटली तीन महिने पुरली तर थेंब डोळ्यात पडतच नाहीत. पुन्हा टिमोलॉल हा काचबिंदूचा दुसरा थेंब दम्याच्या पेशंटला चालत नाही, ते चिठ्ठीवर कोणी विचारलेलं दिसत नाही.

पंचवटीकर: बरं. उघडा कोन, सुरुवातीचा टप्पा असेल तर आधी लेझर, मान्य. पण प्रेशर ३५ इतकं चढलेलं आणि नस बरीच गेलेली असेल तर एसएलटीत महिने घालवू नका, सरळ ऑपरेशनचं बोला. आणि लेझरच्याच दिवशी पुढच्या तपासणीची तारीख मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलवर टाकून द्या, फाइलवर नको.