गेमिंगसाठी स्वस्तातला प्रोसेसर: बेळगाव भागातले अनुभव लिहा

वडगावकर (धागाकर्ता): माझ्याकडं रायझन ५ १६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घातलं, पण काउंटर-स्ट्राइक २ मध्ये गर्दी झाली की गेम अडखळतो. कार्ड निवांत बसलेलं, प्रोसेसर मात्र धापा टाकतोय. बोर्ड, रॅम सगळंच बदलावं काय? तुम्ही काय घेतलं आणि कुठनं, सविस्तर लिहा.

निपाणीचा: काही बदलू नकोस. माझा बोर्ड तोच होता, फक्त रायझन ५ ५६०० टाकला. आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घे, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीन काळीच. आणि ते काम यूपीएसवर. आमच्याकडं पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा नाही, आणि अपडेट अर्ध्यात तुटलं तर बोर्ड बाद होऊ शकतो. रायझन ५ ५५०० थोडा स्वस्त मिळतो म्हणून दुकानदार गळ्यात मारायला बघतात. त्यात एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. कोर सहाच, पण गेममध्ये फरक पडतो. मी कोल्हापुरातनं घेतला, जाऊन-येऊन अर्धा दिवस.

खानापूर: कार्डाला पैसे नव्हते म्हणून ५६००जी घेतला, त्याच्यात ग्राफिक्स आतच आहे. जीटीए ५ सेटिंग कमी करून चालतो. रॅम मात्र ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लाव, एकच १६ ची नको. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतंय, एका पट्टीवर जीव जातो. तुझ्याकडं कार्ड आहे, तुला हा कशाला!

शहापूर: मी सगळं नवीनच जोडलं, इंटेलचा आय३-१२१००एफ आणि एच६१० बोर्ड, डीडीआर४ रॅमवाला. कोर चारच, पण बजेटमध्ये माझ्या खेळांना पुरतात. पुढं त्याच सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) आय५-१२४००एफ टाकता येईल. नावात एफ असला की ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं की पीसी शोभेला. सोबत आलेल्या कूलरचा पंखा आवाज करतो म्हणतात. आमच्या शेजारी यंत्रमाग आहे, मला काय पंखा ऐकू येत नाही.

टिळकवाडी: बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर वापरलेला ५६०० स्वस्तात मिळाला. घेताना उलटा करून पिना बघ, एकही वाकडी नको. एएम४ मध्ये (या रायझनचं सॉकेट) पिना प्रोसेसरलाच असतात, बोर्डाला नाहीत.

निपाणीचा: बरोबर. म्हणूनच जुना काढताना थोडा वेळ गेम चालवून तापव, मग बंद करून, प्लग काढून कूलर डावी-उजवीकडं हलकेच फिरव आणि मगच उचल. सरळ ओढलास तर कूलरखालच्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही वर येतो.

वडगावकर (धागाकर्ता): ५६०० च घेतो मग. यूपीएस मामांकडनं आणतो.

खानापूर: १६०० विकणार असशील तर सांग गा, धाकट्या भावाला पाहिजे.