मदत हवी आहे: लिंक्डइनवर अनोळखी माणसाला कनेक्शन रिक्वेस्ट पाठवताना नोटमध्ये काय लिहावं?

वाळूजकर
मंडळी, मेकॅनिकल डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री. सध्या वाळूज एमआयडीसीत ॲल्युमिनियम कास्टिंगचं मशिनिंग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. सीएमएम (मापं तपासायचं मशीन), पीपीएपीचे कागद (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायचे), कस्टमर कम्प्लेंट आली की एट-डी (तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणारा रिपोर्ट) भरणं, हे रोजचं. आता चाकण-तळेगाव पट्ट्यात सप्लायर क्वालिटीत, म्हणजे कंपनीला पार्ट पुरवणाऱ्यांची क्वालिटी बघायच्या कामात, जायचंय.

तिकडच्या क्वालिटी मॅनेजर आणि एचआर मंडळींना रिक्वेस्ट पाठवतो, पण बहुतेक पेंडिंगच राहतात. सगळ्यांना ही नोट जाते:

"आदरणीय सर/मॅडम, मी आपल्या नामांकित कंपनीत संधीच्या शोधात आहे. कृपया माझी प्रोफाइल पाहून योग्य जागा असल्यास कळवावे."

यात चुकतंय काय? नोट न लिहिता नुसती रिक्वेस्ट बरी का? आणि समोरचा मराठी असेल तर मराठीत लिहिलेलं चालतं का?

गेजवाला
मी चाकणला सप्लायर क्वालिटीतच आहे, म्हणजे अशा रिक्वेस्टी येणाऱ्यांपैकी एक. तुमची नोट वाचून पहिला विचार येतो तो असा, की माझ्यासाठी जागा शोधा हे काम याने माझ्या गळ्यात घातलं. ओळख ना पाळख! त्यात जागा असली तरी ती मी देत नाही, एचआर आणि वरचे ठरवतात. हो म्हटलं तर पुढे रोज विचारणा, नाही म्हणायला जीवावर येतं. मग राहते पडून.

रिक्वेस्टमध्ये फक्त ओळख मागा, नोकरी नको. आपण कोण, आणि याच माणसाला का लिहितोय, एवढं कळलं की पुरे. उदाहरणार्थ (पोरोसिटी म्हणजे कास्टिंगमधली बारीक छिद्रं):

"नमस्कार सर, मी वाळूजला मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. पोरोसिटीबद्दलची तुमची पोस्ट वाचली; आमच्याकडे गळती चाचणीत हेच दिसतं. संपर्कात राहायला आवडेल."

हे दीडशेच्या आसपास भरतं. फुकट खात्याला नोटसाठी 200 अक्षरं मिळतात, प्रीमियमला 300. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे 'आदरणीय' आणि 'नामांकित' परवडत नाहीत. मराठी चालतं, पण त्या माणसाने स्वतः कधी मराठीत पोस्ट किंवा कमेंट केली असेल तरच. नाहीतर साधं इंग्रजी.

निळीशाई
मी भरती बघते. गेजवाला म्हणतात ते इंजिनिअर लोकांना लागू, एचआरला मात्र नेमकं उलटं लिहा. पोरोसिटीवर आम्ही काय बोलणार, कपाळ? पद, अनुभवाची वर्षं, सध्याचं गाव, नोटीस पीरियड, आणि जाहिरात पाहून लिहीत असाल तर तिचा जॉब आयडी. आमचं कामच ते आहे, सरळ विचारलेलं आवडतं.

नोट की नुसती रिक्वेस्ट? फुकट खात्यावर महिन्याला मोजक्याच नोटा लिहिता येतात. त्या खरोखर हव्या असलेल्या माणसांसाठी ठेवा. जुने सहकारी, कॉलेजचे लोक यांना नुसती पाठवली तरी चालते. मोबाइलवर घाईत 'कनेक्ट' दाबलं तर नोटशिवायच जाऊ शकते, तेवढं जपा.

वाळूजकर
ताई, गेजवाला सर, दोघांचे आभार. पेंडिंग आहेत त्या मागे घेऊन नव्या नोटसह पाठवू का?

गेजवाला
मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. महत्त्वाच्या तेवढ्या घ्या, बाकी राहू द्या. दरम्यान त्यांच्या पोस्टवर कामाची एखादी कमेंट करा. 'छान सर' नको.

पण मुळात अनोळखी मॅनेजरांपासून सुरुवात का? 2022 साली 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या 2 कोटींहून जास्त सदस्यांवरचा प्रयोग छापून आला होता. नोकरी बदलायला जिवलगांपेक्षा जरा लांबच्या ओळखी जास्त उपयोगी पडतात, असं त्यात निघालं, आणि तेवढंच सगळीकडे सांगितलं जातं. त्यातला पुढचा भाग असा, की जे उद्योग कमी डिजिटल आहेत तिथे घट्ट ओळखी जास्त कामाला आल्या. आपला धंदा त्यातच मोडतो असं मला वाटतं.

म्हणून आधी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेली माणसं घ्या. तुमच्याकडे ऑडिटला येणारे कस्टमरचे एसक्यूए (सप्लायर क्वालिटीवाले), गेज म्हणजे मापायची साधनं तपासून देणारे कॅलिब्रेशनवाले, टूलिंगचे सेल्सवाले, वाळूज सोडून पुण्याला गेलेले सिनियर. टूलिंगचा सेल्सवाला दहा कारखाने फिरतो. कुठे माणूस हवाय हे त्याला जाहिरातीआधी कळतं. कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थी गाव आणि कंपनीनुसार चाळता येतात, तेही बघा.

निळीशाई
कस्टमरच्या एसक्यूएला लिहिताना जपून हं. तुमच्या बॉसशी त्यांचं रोज बोलणं असतं. नोटमध्ये नोकरीचा 'न' सुद्धा नको, नुसतं जोडून घ्या. पुढचं फोनवर.

वाळूजकर
बरोबर. आमच्याकडून पुण्याला गेलेल्या एका सिनियरना हे लिहिलंय, बघता का?

"नमस्कार सर, तुम्ही सीएमएम रूमला होतात तेव्हा मी ट्रेनी होतो. आता पीपीएपी आणि एट-डी बघतो. हाउसिंगचं रिजेक्शन 6 वरून 2 टक्क्यांवर आणलं. सप्लायर क्वालिटीबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं."

गेजवाला
झकास. फक्त रिजेक्शनचे आकडे काढा. ते कंपनीचे आहेत, तुमचे नाहीत, आणि ते सिनियर आज कदाचित तुमच्याच कस्टमरकडे किंवा स्पर्धकाकडे असतील. इंटरव्ह्यूतसुद्धा पार्टचं नाव न घेता 'रिजेक्शन एक तृतीयांशावर आलं' एवढंच सांगा, आणि ते कसं आणलं यावर बोला. बाकी आहे तशी पाठवा.