आतड्याच्या ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी सुरू झालेल्या तक्रारी: आपापले अनुभव लिहा

माझं ऑपरेशन २०११ चं. आतड्याचा टीबी होता. लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि मोठ्या आतड्याची उजवी बाजू काढली. पुढे कितीतरी वर्षं भाकरी, उसळ, सगळं पचत होतं. मग अचानक सकाळचा चहा झाला की पातळ, पिवळं, आग होणारं सुरू. दिवसातून पाच-सहा वेळा. 'आयबीएस (आतड्याचा नाजूकपणा) आहे, टेन्शन घेऊ नका' असं दोन-तीन ठिकाणी ऐकलं. शेवटी मिरजेला एका पोटविकारतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आतडं नेमकं कुठलं आणि किती काढलंय?" जुनं डिस्चार्ज कार्ड त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पित्तातले क्षार लहान आतड्याच्या त्या टोकाशी परत शोषले जातात. ते टोक नसलं की क्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि जुलाब होतात. ते क्षार धरून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पावडर सुरू झाली आणि मी पुन्हा निर्धास्तपणे एसटीत बसू लागलो. ही पावडर इतर औषधंही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तासभर आधी नाहीतर चार-सहा तासांनी घ्यायच्या.

पहिल्या सहा महिन्यांत काय खावं ते सगळेच सांगतात, दहाव्या वर्षाबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा. आतड्याचा कुठला भाग काढला ते आवर्जून लिहा, नाहीतर एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडायचा नाही.

लेस्टरहून (इंग्लंड)
हुबेहूब माझी कथा, फक्त आजार क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येण्याचा). इकडे यासाठी सेहकॅट तपासणी होते: एक कॅप्सूल गिळायची, त्या दिवशी एक स्कॅन आणि आठवड्याने दुसरा. व्हिटॅमिन बी बाराकडेही लक्ष ठेवा, तेही त्याच टोकाशी शोषलं जातं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा रक्त तपासलं. आता दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं.

बार्शीहून, सासऱ्यांबद्दल
मामंजींचं पीळ पडल्याचं ऑपरेशन फार जुनं, आम्ही जवळजवळ विसरलो होतो. गेल्या हिवाळ्यात शेतावर हुरडा खाल्ला आणि रात्री कळा सुरू झाल्या. कळ यायची, ओसरायची, परत यायची. पोट नगाऱ्यासारखं टम्म, उलटी हिरवट. शेजारच्या काकू म्हणाल्या, एरंडेल द्या. मी नाही दिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "वात सरतोय का?" संध्याकाळपासून सरला नव्हता. ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात आणि त्यातून कितीही वर्षांनी अडथळा येऊ शकतो, असं कळलं. नाकातून नळी, सलाईन, तोंडाने काहीही नाही. दोन-तीन दिवसांत आतडं आपोआप मोकळं झालं, पुन्हा चिरावं लागलं नाही. आता मोसंबीच्या फोडींऐवजी रस, शेवग्याचा फक्त गर, आणि प्रत्येक घास बारीक चावून. वात बंद, पोट फुगलेलं आणि उलट्या असं एकत्र दिसलं तर घरी थांबूच नका, रेचक तर मुळीच देऊ नका.

ठाण्याहून
गुदाशयाचा कॅन्सर, २०१६. ऑपरेशननंतर पहिल्यापासूनच एकदा शौचाला गेलं की तासाभरात तीन-चारदा जावं लागायचं. इसबगोल थोड्याशाच पाण्यात, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि लोकलच्या प्रवासाआधी डॉक्टरांनी दिलेली जुलाब रोखणारी लोपेरामाइड, यावर बसवलं होतं. गेल्या वर्षी मात्र शौच बारीक होऊ लागलं, जोर करावा लागायचा. कॅन्सर परतला का, या भीतीने झोप उडाली. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली तर ऑपरेशनमधला आतड्याचा जोड आवळला होता. फुग्याने रुंद केला. जुनी तक्रार सांभाळता येते, पण नवीन काही दिसलं की आधी तपासणी. रक्त, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही दिसलं तर थांबूच नये.

नाशिकहून
लहान आतडं बरंच काढलंय. मला जुलाबांपेक्षा मुतखड्याने छळलं. चरबी नीट पचत नसली की ऑक्झलेट (पालकासारख्या भाज्यांतलं, खडे करणारं) जास्त शोषलं जातं म्हणे. पालक बंद, पाणी भरपूर.

कोल्हापूरहून
माझं १९९८ चं. रुग्णालयच बंद पडलं, कागद एकही नाही. काय करावं?

धागाकर्ता
दादा, जोड कुठे आहे ते बहुतेक वेळा कोलोनोस्कोपीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसतं. कागद नाहीत हे डॉक्टरांना आधीच सांगा. बायोप्सी बाहेरच्या लॅबमध्ये गेली असेल तर तिथेही विचारून बघा. आणि तोवर बी बारा तपासून घ्या, त्यासाठी जुने कागद लागत नाहीत.