अमेरिकी विद्यापीठाच्या संघात खेळणाऱ्या मुलीची बक्षिसे, जेवण आणि प्रवासखर्च: काय घेतलेले चालते?

कोथरूडची_आई

नमस्कार. आमची मुलगी येत्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ च्या सत्रात, अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात टेनिसच्या शिष्यवृत्तीवर दाखल होत आहे. संघ एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या नियामक संस्थेच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, खेळतो आणि शिष्यवृत्तीत फी, राहणे व जेवण धरलेले आहे. प्रशिक्षकांना काही विचारले की ते कम्प्लायन्स ऑफिसकडे, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाकडे, बोट दाखवतात, आणि त्या ऑफिसने पाठवलेली एनसीएएच्या नियमांची जाडजूड पीडीएफ वाचून आमचा गोंधळ वाढलाच आहे.

तिने इथे महिलांच्या काही स्पर्धांत थोडीफार बक्षिसाची रक्कम मिळवली आहे. ती आड येईल का? डिसेंबरच्या सुट्टीत ती घरी येईल तेव्हा आमच्या क्लबने तिचा सत्कार ठरवला आहे, त्यात शाल-श्रीफळाबरोबर पाकीटही असेल, आणि पुढेमागे राज्य शासनाचे रोख पारितोषिक मिळाले तर तेही स्वीकारता येते का, हे समजत नाही. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, त्यामुळे बाहेरगावच्या सामन्यांच्या वेळी जेवणाची सोय कशी असते, याची काळजी आहे. शेवटचा प्रश्न थोडा नाजूक आहे. त्या गावात महाराष्ट्र मंडळामुळे ओळख झालेले एक गृहस्थ आहेत, जे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला दरवर्षी देणगी देतात. त्यांनी तिला दर शनिवार-रविवारी जेवायला येण्याचे आणि हवी तेव्हा गाडी वापरण्याचे आपुलकीने सांगितले आहे. हे घ्यावे का?

हिशेबनीस_शार्लट

ताई, मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात प्रवासखर्चाचे हिशेब पाहतो, त्यामुळे ही पीडीएफ माझ्या रोजच्या वापरातली आहे. आपल्या मुलीला लागू होणारे बहुतेक नियम त्यातल्या सोळाव्या कलमात आहेत, आणि त्या कलमाचा गाभा असा की विद्यापीठाचा कर्मचारी किंवा विद्यापीठाच्या खेळांचा हितचिंतक, ज्याला इथे बूस्टर म्हणतात, खेळाडूला अशी कोणतीही सवलत देऊ शकत नाही जी इतर सामान्य विद्यार्थ्यांना मिळत नाही, नियमात तिची स्पष्ट परवानगी असल्याखेरीज. म्हणून कोणी काही देऊ केले की ते किती किमतीचे आहे याआधी ते कोण देत आहे आणि तिच्या वर्गातल्या न खेळणाऱ्या मुलीलाही ते मिळाले असते का, हे विचारावे.

आधी देणगीदार गृहस्थांचे. देणगी देणारा माणूस या नियमांच्या लेखी बूस्टर ठरतो, मग तो मराठी असो की अमराठी. बूस्टरने खेळाडूला अधूनमधून जेवायला बोलावणे चालते, पण ते जेवण त्याच्या घरी किंवा विद्यापीठाच्या आवारात असावे लागते. त्यामुळे गणपतीत त्यांच्या घरी पंगतीला बसणे नियमात बसते, आणि त्याच यजमानांनी हॉटेलात नेऊन बिल भरणे बसत नाही. घरी नेण्या-आणण्याची मुभा आहे, मात्र हवी तेव्हा वापरायला गाडी देणे हा सरळसरळ जादा लाभ होतो. दर आठवड्याचे आमंत्रणही ‘अधूनमधून’ या शब्दात बसवणे कठीण आहे. तुमची ओळख मुलीच्या प्रवेशाच्या कितीतरी आधीची आणि खेळाशी संबंध नसलेली असती, तर गोष्ट वेगळी होती. कारण जुने घरोब्याचे संबंध वेगळ्या निकषाने पाहिले जातात, पण तेही ऑफिसला आधी कळवूनच.

जेवणाच्या बाबतीत ती चांगल्या काळात जात आहे. पूर्वी शिष्यवृत्तीधारकाला दिवसाला तीन जेवणे किंवा त्यांचा भत्ता, एवढाच हिशेब असे; मधल्या वेळी खाण्यासाठी फळे, सुकामेवा आणि बेगल (कड्यासारखा गोल पाव) देता येत, पण त्याच बेगलला क्रीम चीज लावले की ते जेवण समजले जाई, आणि आमच्यासारख्या कारकुनांनी या भेदावर खरोखर पत्रे लिहिली आहेत. एप्रिल २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपियरने पत्रकारांना सांगितले की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच शिष्यवृत्ती असलेल्या-नसलेल्या सर्व डिव्हिजन वन खेळाडूंना खेळाच्या निमित्ताने हवे तितके जेवण आणि खाणे देण्याची परवानगी मंजूर झाली. हा बदल आधीपासून विचाराधीन होता, पण त्या वाक्याने त्याला रेटा मिळाला, असे माझे मत आहे. त्याच सुमारास ओक्लाहोमा विद्यापीठाने आपल्या तीन खेळाडूंनी एका समारंभात प्रमाणाबाहेर पास्ता खाल्ल्याची स्वतःहून नोंद केली होती आणि प्रत्येकाला ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय संस्थेला द्यावे लागले होते. नियम किती चिकटपणे पाळला जाई, हे त्या ८३ सेंटांवरून कळते.

बाहेरगावच्या सामन्यांत विद्यापीठ प्रवास, निवास आणि जेवणाचा खरा व आवश्यक खर्च करते. जेवण एकत्र मागवले जाते किंवा त्याऐवजी रोख जेवणभत्ता दिला जातो, आणि तो भत्ता त्याच दौऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांना मिळतो त्यापेक्षा जास्त असू शकत नाही. आपल्या मुलीने संघाच्या व्यवस्थापकाला पहिल्याच आठवड्यात लेखी कळवावे की अंडेही चालत नाही, आणि जिथे संघासाठी ठरलेले जेवण तिला उपयोगाचे नाही तिथे भत्ता मागावा. आमच्याकडे एका जैन मुलाची प्रवासाची पेटी वेगळी भरली जाते. त्यात दाण्यांच्या चटणीची बाटली असते आणि तिचे बिल विभाग विनातक्रार भरतो.

सुट्टीत वसतिगृह व खानावळ बंद असताना सरावासाठी थांबावे लागले, तर तो खर्चही विद्यापीठ देऊ शकते. घरच्या माणसाचे निधन किंवा जिवावरचे आजारपण असेल तर घरी जाण्याचा खर्च करण्याचीही मुभा आहे. एरवी डिसेंबरच्या तिकिटाचे पैसे तुमचेच, परंतु स्टुडंट असिस्टन्स फंड नावाचा एक निधी विद्यापीठांकडे असतो, ज्यातून गरजू खेळाडूला घरच्या प्रवासासाठी मदत मिळू शकते. परदेशी मुले हा अर्ज बहुधा करत नाहीत, कारण त्यांना तो माहीतच नसतो.

पोहणाऱ्याचा_बाबा

वरील उत्तर उत्तम आहे, पण मला हे सारे थोडे जुनाट वाटते. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, ज्यामुळे शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या मर्यादा सैल झाल्या आणि विद्यापीठे अभ्यासातील प्रगतीबद्दल वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत रोख देऊ लागली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरू देऊन पैसे मिळवता येतात. आता खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाउस खटल्यातील तडजोड ६ जून २०२५ रोजी मंजूर झाल्याने विद्यापीठे पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंत वाटू शकतील. अशा वेळी घरची पंगत आणि हॉटेलचे बिल यांत फरक करत बसण्यात काय अर्थ आहे?

हिशेबनीस_शार्लट

बाबा, त्या २ कोटींतला फार मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जाणार आहे; महिला टेनिसपटूच्या वाट्याला त्यातले काय येईल, याचा अंदाज आपण बांधू शकता. जाहिरातीचे पैसे घेण्यात तर परदेशी मुलांची वेगळीच अडचण आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आवाराबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि एनसीएएने परवानगी दिली म्हणून व्हिसाचे उल्लंघन माफ होत नाही. केंटकीचा ऑस्कर शीब्वे हा काँगो देशाचा खेळाडू. त्याच्या जाहिरातींचे काम २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाला गेला असताना, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेर, उरकण्यात आले, ते याच कारणाने. मोठे दरवाजे उघडले तरी जादा लाभाचे कलम रद्द झालेले नाही, आणि ऐन हंगामात सामने असणाऱ्या मुलीला चौकशीपुरतेही बाहेर बसणे परवडत नाही.

कोथरूडची_आई

खूप आभार. गाडीचा विषय आम्ही बंद केला आहे. बक्षिसाची रक्कम आणि सत्काराचे पाकीट यांबद्दलही कृपया कोणी सांगावे, आणि ‘पाकीट आम्ही आत्ता घेऊन ठेवतो, तिला पदवीनंतर देतो’ असे केले तर चालेल का?

हिशेबनीस_शार्लट

२०२५ च्या नियमांत टेनिसला एक विशेष सवलत आहे. पूर्णवेळ प्रवेश घेण्यापूर्वी टेनिसपटू कॅलेंडर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतची बक्षिसाची रक्कम ठेवू शकतो, आणि त्यापुढची रक्कम प्रत्यक्ष व आवश्यक खर्चाइतकीच. त्यामुळे आपण सांगता तेवढ्या रकमेने अडण्याचे कारण दिसत नाही, मात्र प्रत्येक स्पर्धेची पावती, प्रवेश शुल्क आणि तिकिटे यांची फाइल जपावी. पालकांचा खर्च मुलीच्या खर्चात धरला जात नाही, ही मेख लक्षात असू द्यावी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रीस ब्रँटमायरने २०२४ मध्ये एनसीएएविरुद्ध बक्षिसाच्या रकमेवरून दावा लावला, त्यात आईबरोबर वापरलेल्या हॉटेलच्या खोलीचा पूर्ण खर्च मान्य झाला नाही, हीसुद्धा एक तक्रार होती. प्रवेशानंतर ती सुट्टीत एखादी व्यावसायिक स्पर्धा खेळली, तर बक्षिसातून त्या स्पर्धेच्या खर्चाइतकेच पैसे घ्यावेत.

पाकिटाचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि फोटो यांना कोणाची हरकत नसावी, तरी तेही आधी कळवावे. खेळातील कामगिरीबद्दलची रोख रक्कम स्वीकारू नये. ‘नंतर देतो’ असे म्हटल्याने सुटका होत नाही, कारण पुढे देण्याचे वचनसुद्धा मोबदलाच मानले जाते. मिळालेले पुरस्कार विकणेही असेच महागात पडते. ओहायो स्टेटच्या पाच फुटबॉलपटूंनी अंगठ्या आणि जर्सी विकून पैसे व टॅटू घेतले, म्हणून डिसेंबर २०१० मध्ये त्यांच्यावर पाच सामन्यांची बंदी आली आणि पुढे २०११ मध्ये प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना पद सोडावे लागले.

शासकीय पारितोषिकाला एक अपवाद लागू होऊ शकतो. २०१५ पासून परदेशी खेळाडूंना त्यांच्या देशाच्या राष्ट्रीय ऑलिम्पिक संस्थेकडून, सर्वोच्च दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील कामगिरीबद्दल, रक्कम घेता येते. टेक्सास विद्यापीठाच्या जोसेफ स्कूलिंगने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधील सुवर्णपदकासाठी सिंगापूरकडून १० लाख सिंगापूर डॉलर घेतले आणि नंतरही तो विद्यापीठासाठी पोहत राहिला. या अपवादाची भाषा राष्ट्रीय संस्थेपुरती आहे. राज्य शासन किंवा स्थानिक क्लब त्यात आपोआप येत नाहीत. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये खेळून आली आहे, तेव्हा या वाटेने गेलेल्या मराठी मुली आहेत; आपल्या क्लबमधून त्यांच्या प्रशिक्षकांपर्यंत पोहोचता आले तर जरूर विचारावे.

करपत्रक_एडिसन

कराचा मुद्दा अजून कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. शिष्यवृत्तीतील फी आणि आवश्यक पुस्तकांचा भाग करमुक्त असतो, परंतु राहणे व जेवण यांसाठी दिलेली रक्कम करपात्र आहे, आणि एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याच्या बाबतीत विद्यापीठ त्या भागावर १४ टक्के कर आधीच कापते. सत्राच्या मध्यावर मुलीच्या खात्यावर अचानक काही शे डॉलर देणे दिसले, तर ते बहुधा याचेच असेल. त्याची नोंद १०४२-एस या फॉर्मवर येते आणि पुढल्या वर्षी १०४०-एनआर हे विवरणपत्र भरावे लागते.

भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारामुळे मोठा फायदा आहे, कारण इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना न मिळणारी प्रमाणित वजावट त्यांना घेता येते. २०२४ या करवर्षासाठी ती १४,६०० डॉलर होती. राहण्या-जेवण्याची करपात्र रक्कम या मर्यादेत बसली आणि दुसरे उत्पन्न नसले, तर कापलेला संघराज्याचा कर परत मिळतो. राज्याचा कर वेगळा पाहावा लागतो. विवरणपत्रासाठी करदात्याचा क्रमांक लागतो, त्यामुळे सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळणार नसेल तर आयटीआयएन या पर्यायी करदाता क्रमांकाचा अर्ज विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयामार्फत लवकर करावा. हे काम एप्रिलमध्ये, ऐन सामन्यांच्या हंगामात, सुरू केले तर मुलीची फार ओढाताण होते, म्हणून ऑगस्टच्या कागदपत्रांबरोबरच त्याची चौकशी करून ठेवावी.