घुसखोरी रोखायची तर झोपडीआधी दाखल्याचा बाजार तपासा

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

आमच्या भागात सध्या पारावर, एसटीत, बाजारात एकच विषय आहे. अकोला-अमरावतीकडच्या उशिराच्या जन्मनोंदींवरून, बांगलादेशी घुसखोरांनी दाखले मिळवल्याचे आरोप झाले. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारनं असे दाखले देणं थांबवलं, आणि पुढे नायब तहसीलदारांच्या सहीचे जन्मनोंदीचे आदेश रद्द करायला घेतले. मग वर्ष सरता सरता यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी बातम्यांत आलं. दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, आणि ग्रामपंचायतीच्या आयडीवर तीन महिन्यांत 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी! त्या कोणाच्या, हे तपासात ठरेल. दार कुठं उघडं होतं, ते मात्र सगळ्यांना दिसलं.

घुसखोरी होते आणि ती रोखलीच पाहिजे, यात मला शंका नाही. माझा वाद सुरुवात कुठून करायची यावर आहे. आज सुरुवात झोपडीपासून होते. वीटभट्टीवर, जिनिंगात, पुलाच्या कामावर वेगळी भाषा कानावर आली की कोणीतरी फोन करतो, गाडी येते, माणसं नेली जातात, आणि दोन दिवसांनी कळतं की ती पश्चिम बंगालातल्या मालदा नाहीतर मुर्शिदाबादची, म्हणजे आपल्याच देशातली. ज्यानं त्यांना आणलं तो मुकादम तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झालाय. तो जरूर बघा. पासपोर्ट-व्हिसा नसताना देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागदाच्या आधारे शिरणं, राहणं किंवा असा कागद पुरवणं यासाठी मात्र कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षं, वर एक ते दहा लाख दंड. म्हणजे शिरण्यापेक्षा कागदाचा गुन्हा मोठा, हे कायदाच सांगतोय. मग आपल्या तालुक्यात दलाल आणि दाखला करून देणारा किती वेळा पकडला जातो, आणि मजूर किती वेळा?

मला हवं ते असं: गावात टोळी आणणाऱ्या प्रत्येक मुकादमाची नोंद ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत सक्तीची करा, टोळीत बेकायदा माणूस निघाला तर पहिला गुन्हा त्याच्यावर लावा, आणि उशिराच्या जन्मनोंदींचं गावात चावडीवाचन करा. सातबाऱ्याचं होतं, मग याचं का नको?

खामगावकर

पूर्णाकाठ मास्तर, लेख चांगला आहे, पण तुमच्या उपायात एक मोठं भगदाड आहे. दलाल धरला तर उद्या दुसरा दलाल उभा राहतो, कारण इथं येऊन राहता येतं हे पलीकडच्याला ठाऊक आहे. राहणंच अशक्य झालं तर दलालाला गिऱ्हाईक मिळणार नाही. म्हणून घरोघर पडताळणी, ओळख पटली की परतपाठवणी, आणि त्यात कोणाचीही शिफारस नको.

अमेरिकेनं 1986 मध्ये तुमच्यासारखाच विचार केला होता. सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर केलं आणि यापुढे कामावर ठेवणाऱ्याला दंड करू म्हणाले. बनावट कागद दाखवून लोक कामाला लागत राहिले, मालक ‘मी कागद पाहिला होता’ म्हणून सुटत राहिले, आणि वीस वर्षांत बेकायदा राहणाऱ्यांचा आकडा कोटीच्या वर गेला. तुमचा मुकादमही तेच म्हणेल.

वावरवाला

मी कास्तकार मानूस, मले कायदा समजत नाई, पन वावरातली गोष्ट समजते. दिवाळी झाली का कापूस फुटते अन् गावात वेचाले मानूस भेटत नाई. मेळघाटातून, बैतूल-खंडव्याकडून टोळ्या येतात तवा कुठं कापूस घरात येते. दहा-बारा रुपये किलोनं वेचाई देऊनही बाया दुसऱ्याच्या वावरात जातात. आता तुमी म्हनता मुकादमाची नोंद. करा बाप्पा, पन उद्या त्याचा कागद खोटा निघाला तर पोलीस पयले माह्याच दारात येईन. मी काय एकेकाचा जन्मदाखला तपासत बसू काय? तवरोक पाऊस आला तर बोंडं काळी पडतात, त्याची भरपाई कोन देईन?

जबाबदारी ठेकेदारावर टाका. कास्तकारावर टाकाल तर आमी रस्त्यावर येऊ, हे आत्ताच सांगतो.

तालुका_वकील

खामगावकर, ‘ओळख पटली की’ हे तीन शब्द तुम्ही फार सहज लिहिलेत. सगळी अडचण त्यातच आहे.

‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच असतो. 1946 च्या जुन्या कायद्यातही तसंच होतं, नव्यातही तेच आहे. पण जुलै 2024 मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की संशयाला आधार काय, ते आधी प्रशासनाकडं असलं पाहिजे. नुसता आरोप करून ‘आता तू सिद्ध कर’ म्हणता येत नाही. त्या माणसाला सर्वोच्च न्यायालयानं भारतीय ठरवलं, पण तो निकाल यायला त्याची किती वर्षं गेली ते पाहा.

घरोघर पडताळणीचा प्रयोगही आसामात झालाच की. 31 ऑगस्ट 2019 ला नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली, 19 लाखांवर लोक यादीबाहेर राहिले, हजार कोटींहून जास्त खर्च झाला. त्या यादीवर ना समर्थक खूश झाले ना विरोधक.

आणि जून 2025 विसरू नका. आपल्याच राज्यात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपार ढकललं गेलं. ते भारतीय निघाले म्हणून त्यांना परत आणावं लागलं. त्यांच्याकडं आधार होतं. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हे खरं आहे, पण मग मजुरानं खिशात नेमकं ठेवायचं तरी काय?

खामगावकर

चार माणसांच्या बाबतीत चूक झाली म्हणून मोहीमच बंद करायची का? चुकलेल्यांना भरपाई द्या, जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई करा, त्याला माझा पाठिंबाच आहे. पण रेशन, घरकुल, दवाखाना यांतला वाटा शेवटी आपल्याच गरिबाच्या ताटातून जातो. ते बोललं की माणूस लगेच निर्दयी ठरतो. गरिबाच्या बाजूनं मीही बोलतोय.

मुलचेऱ्याचा_मी

मी बंगाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात जन्मलो, मराठी शाळेत शिकलो. आमचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आले. सरकारनंच त्यांना आणून इथल्या जंगलात वसवलं, जमीन दिली. चामोर्शी, मुलचेऱ्याकडं आमची कितीतरी गावं आहेत. चंद्रपुरात तर बंगाली कॅम्प नावाची अख्खी वस्ती आहे. धान आम्ही पिकवतो, बोड्यांतली (लहान तळ्यांतली) मासळी आम्ही बाजारात आणतो.

माझं मत ऐकून काहींना नवल वाटेल. कडक तपासणी मला हवी आहे, तुमच्यापेक्षा जास्त हवी आहे. प्रत्येक बनावट दाखल्यामागे संशय माझ्यावर येतो. माझा भाऊ नागपूरला बांधकामावर आहे, तो फोनवर आईशी बंगालीत बोलायला घाबरतो. साइटवर तो आमच्याशी मराठीतच बोलतो, आणि आईला मराठी धड येत नाही.

म्हणून माझी एकच अट आहे. तपासणी भाषेवरून, नावावरून, लुंगीवरून नको. कागदावरून करा आणि सगळ्यांची करा. आजोबांचं निर्वासित कार्ड आम्ही अजून पेटीत जपून ठेवलंय. ते पाहायला या, पण दिवसा या आणि नोटीस देऊन या.

सीमेवरून_परत

बुलढाणा जिल्ह्यातला आहे, सीमा सुरक्षा दलात होतो. बांगलादेशाबरोबरची आपली सीमा 4,096 किलोमीटर. तीन चतुर्थांशाहून जास्त भागात कुंपण झालंय. राहिलेल्या भागात नद्या आहेत, वाळूची बेटं आहेत. पावसाळ्यात नदी पात्र बदलते, तिथं खांब रोवणार कुठं? शिवाय कुंपण बहुतेक ठिकाणी सीमारेषेपासून दीडशे यार्ड आत आहे. आपल्याच शेतकऱ्यांची जमीन त्याच्या पलीकडं राहते. ते रोज ओळखपत्र दाखवून फाटकातून ये-जा करतात.

घरी बसून लोक म्हणतात की ढकलून द्या. समोरचा देश ‘हा आमचा’ म्हणाला तरच माणूस रीतसर परत जातो. त्यासाठी त्याचा पत्ता, गाव, नातेवाईक यांची पडताळणी लागते. नुसता ढकललेला माणूस दुसऱ्या वाटेनं परत येतो. पकडलेल्या प्रत्येकाचे बोटांचे ठसे आणि ज्यानं आणलं त्या दलालाचं नाव नोंदवणं, हे मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं. नोंदच नसली तर तो पुन्हा आला हे सिद्ध कसं करणार?

अर्जुनी_मोरगाव

आमच्या गोंदिया जिल्ह्यात प्रतापगड-गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, मुदत संपली की नवं करून घ्यावं लागतं. कोण कुठं राहतं ते प्रशासनाला माहीत, गावाला माहीत. इतक्या वर्षांत त्यावरून आमच्याकडं भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. कामासाठी येणाऱ्यांनाही मुदतीचा परवाना देता येणार नाही का? नोंद, ठरलेलं काम, ठरलेली मजुरी, मुदत संपली की परत. चोरवाट माणूस तेव्हाच धरतो जेव्हा सरळ वाट नसते.

खामगावकर

आपलीच पोरं एमआयडीसीच्या गेटवर उभी असताना बाहेरच्याला परवाना? याला माझा पूर्ण विरोध. तिबेटी लोक निर्वासित म्हणून आले, सरकारनं आश्रय देऊन वसवले. ती तुलना इथं लागू होत नाही.

निवृत्त_ग्रामसेवक

दाखल्याबद्दल लिहितो, कारण आयुष्य त्या रजिस्टरांत गेलं.

जन्म 21 दिवसांत कळवला की नोंद फुकट. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क. वर्षाच्या आत वरिष्ठांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. 1969 च्या कायद्यात ही चाळणी होतीच. 2023 च्या दुरुस्तीनंतर आदेशाचं काम न्यायालयाकडून महसूल खात्याकडं आलं. उद्देश लोकांचे हेलपाटे वाचवण्याचा होता, पण त्याबरोबर तपासणीला लागणारी माणसं आणि वेळ कोणी दिला नाही. त्याच दुरुस्तीनं 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, आधार या सगळ्याला जन्मदाखला हाच पुरावा केला. दाखल्याचं मोल वाढलं की बनावट दाखल्याचाही भाव वाढतो.

गावात काय चालतं ते सांगतो. एका ग्रामसेवकाकडं दोन-तीन गावं, नेटवर्क नाही, वरून रोज माहितीचा तगादा. मग आयडी-पासवर्ड संगणक चालवणाऱ्या पोराकडं, पुढे कधी कधी सेतूवाल्याकडं. सही माणसाची असते, पासवर्ड मात्र गावाचा होऊन जातो. नोंद करताना अधिकाऱ्याचा अंगठा यंत्रावर लागलाच पाहिजे, आणि एका गावात महिन्याला नेहमीपेक्षा जास्त नोंदी झाल्या तर जिल्ह्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे. बँकेच्या खात्यातून जास्त पैसे निघाले की आपल्याला मेसेज येतो, तेवढं तरी. तीन महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मेळघाट_पायवाट

चावडीवाचनाला माझा कडाडून विरोध. मास्तर, गाव म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. गावकीत गट असतात. यादी वाचली की पहिला हात कोणावर उठेल? पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर. ब्रिटिशांनी 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, 1952 मध्ये तो कायदा गेला, नजर मात्र गेली नाही. त्यांच्या उशिराच्या नोंदी असणारच, कारण पोरं पालावर जन्मली. आमच्या कोरकू बायांची बाळंतपणं घरी व्हायची. शाळेत मास्तरानं अंदाजानं लिहिलेली एक जून हीच कित्येकांची जन्मतारीख आहे.

आदेश सरसकट रद्द झाले तेव्हा यांचेही दाखले गेले. पोराची शिष्यवृत्ती अडली की बाप पुन्हा तहसीलच्या पायऱ्यांवर, रोजी बुडवून. घुसखोराच्या नावानं निघालेली कुऱ्हाड आधी या लोकांवर पडते. तुमच्या उपायात त्यांच्यासाठी काय आहे ते सांगा, मगच पुढचं बोला.

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

तुमचा आक्षेप रास्त आहे. वाचन ठेवावं, पण हरकत तोंडी चालणार नाही. लेखी, सहीनिशी आणि पुराव्यासह. खोटी हरकत घेणाऱ्यावरही कारवाई. आणि बेड्यावर, पाड्यावर दाखल्याची शिबिरं आधी घ्या, वाचन नंतर. जुनी कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या), दवाखान्याची, अंगणवाडीची रजिस्टरं तहसीलनं स्वतः शोधावीत. पारध्यानं ती शोधत फिरायचं हा उलटा न्याय आहे.

वावरवाला भाऊ, कास्तकारावर बोजा नको, हे मान्य. टोळी आणणाऱ्या मुकादमाला परवाना लागतो, हे आंतरराज्य मजुरांच्या 1979 च्या कायद्यात होतंच. आमच्या तालुक्यात असा परवाना दाखवणारा मुकादम मी तरी पाहिला नाही. तुम्ही फक्त मुकादमाचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवायचा, पुढची जबाबदारी त्याची.

मेळघाट_पायवाट

शिबिर आधी, वाचन नंतर, हे लेखी ठरत असेल तर मी विरोध मागे घेईन. नुसत्या आश्वासनावर नाही.

खामगावकर

शिबिरं होईपर्यंत दोन वर्षं जातील, तोवर दाखलेवाले नवी वाट काढतील. तेव्हा दोन्ही कामं एकाच वेळी चालू द्या. नोंदीचा सुधार तुमचा, पडताळणी माझी. मुलचेऱ्याच्या भाऊंनी नोटीस देऊन आणि दिवसा या म्हटलंय, ती अट मला मान्य आहे. मात्र सगळ्यांची तपासणी म्हणजे सगळ्यांची, आमच्या खामगावच्या घरांचीही. त्याला तुम्ही तयार आहात का?

वावरवाला

तपासा, पन कापूस निघू द्या पयले.